साक्ष आणि फिर्याद : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील दुःख, ईश्वरावरील रोष व श्रद्धाभंग

गोषवारा :
मराठी ख्रिस्ती आत्मकथनांत दुःखाचे चित्रण विपुल आहे. परंतु त्या दुःखापोटी ईश्वरावर उमटणारा रोष फारसा आढळत नाही. पंडिता रमाबाई यांचे 'माझी साक्ष' आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' या दोन आत्मकथनांच्या आधारे या अभावाची कारणे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. 'साक्ष' या वाङ्मयप्रकाराची बांधणी, धर्मांतरिताची सामाजिक स्थिती आणि मराठी भक्तिपरंपरेतील भांडणाची भाषा या तीन अंगांनी हा विचार केला असून, बायबलमधील 'ईयोब' या ग्रंथाच्या प्रकाशात त्याचे मूल्यमापन केले आहे.

बीजसंज्ञा : साक्ष, फिर्याद, रोष, श्रद्धाभंग, आत्मकथन, ईयोब, मुक्ति मिशन.

१. प्रस्तावना

पदवीच्या तृतीय वर्षाच्या वर्गात 'स्मृतिचित्रे'मधील उतारा शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला होता. "सर, बाप्तिस्मा घेतल्यानंतर या बायका देवावर कधी चिडल्याच नाहीत का?" प्रश्न वरवर साधा होता. नंतर झालेल्या संभाषणातून त्यामागची हकिकत समजली. २०२१ च्या करोना लाटेत तिचा थोरला भाऊ गेला होता. त्यानंतर काही महिन्यांनी तिच्या आईने रविवारच्या उपासनेस जाणे सोडले. मंडळीत दर आठवड्याला कोणी ना कोणी उठून, आपण आजारातून कसे वाचलो याची साक्ष देत असे. "ज्यांचं माणूस वाचलं ते बोलतात. आमचं गेलं, आम्ही काय साक्ष द्यायची?" असे आईचे म्हणणे होते.

हा प्रश्न केवळ एका कुटुंबाचा नाही. दुःख भोगणाऱ्या माणसाला त्याच्या धर्मसमाजात कोणती भाषा उपलब्ध असते, हा वाङ्मयाच्या अभ्यासकाचाही प्रश्न आहे. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत त्याचा विचार करणे विशेष औचित्याचे ठरते. शिरूर, म्हणजे जुने घोडनदी, येथे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र होते. दौंड तालुक्यातील केडगाव ही तर पंडिता रमाबाईंची कर्मभूमी. शिरूरहून न्हावरे–चौफुला मार्गे केडगावला जाणारा रस्ता आजही पर्जन्यछायेच्या प्रदेशातूनच जातो. या भागातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात दुष्काळाला मोठे स्थान आहे. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी मिशनच्या दारात माणसे आणून सोडली. म्हणजेच येथील श्रद्धेचा उगमच पुष्कळ अंशी दुःखाशी जोडलेला आहे. असे असता त्या श्रद्धेच्या वाङ्मयात दुःखाविषयीची तक्रार इतकी अल्प का, असा प्रश्न उपस्थित होतो.

२. संकल्पनांची निश्चिती

विवेचनास प्रारंभ करण्यापूर्वी तीन अवस्थांमधील भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. संशय हा ईश्वराविषयी असतो. त्यात ईश्वर हा तृतीयपुरुषी असतो. रोष हा ईश्वराला उद्देशून असतो. त्यात ईश्वर द्वितीयपुरुषी असतो. श्रद्धाभंगात ईश्वराला उद्देशून बोलणेच थांबते. व्यवहारात या अवस्था एकमेकींत मिसळतात हे खरे; तथापि रोष म्हणजेच श्रद्धाभंग, असे जे सर्रास मानले जाते ते या भेदामुळे तपासून घेता येते. जो चिडतो तो अद्याप बोलत असतो. भांडण हा संबंधाचा अंत नसून अनेकदा संबंधाचा पुरावा असतो.

बायबलमध्ये या भांडणाला अधिकृत स्थान आहे. स्तोत्रसंहितेतील सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यातील ८८ वे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते. अन्य विलापस्तोत्रांप्रमाणे ते स्तुतीकडे वळत नाही. वधस्तंभावरील येशूच्या मुखी आलेला त्यागले गेल्याचा आक्रोशही २२ व्या स्तोत्राचाच आरंभ होय. परंतु सर्वांत ठळक उदाहरण ईयोबाचे. संपत्ती, अपत्ये आणि आरोग्य गमावलेला ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. एवढ्यावर न थांबता तो ईश्वराला न्यायासनासमोर बोलावू पाहतो. आपली बाजू मांडण्याची संधी मागणे, दोघांच्या मध्ये उभा राहील असा मध्यस्थ शोधणे, आरोपपत्र लेखी मागणे, ही त्याची भाषा न्यायालयाची भाषा आहे. आणि ग्रंथाच्या अखेरीस ईश्वराचा क्रोध ईयोबावर होत नाही, तर ईश्वराची बाजू मांडणाऱ्या त्याच्या तीन मित्रांवर होतो. ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तुम्ही बोलला नाहीत, असा तेथील निवाडा आहे.

'साक्ष' हा शब्दही न्यायालयातलाच. मराठी ख्रिस्ती समाजात आपला धर्मानुभव मंडळीपुढे सांगणे याला 'साक्ष देणे' म्हणतात. साक्षीदार आणि फिर्यादी एकाच न्यायालयात उभे असतात. परंतु साक्षीदार एका पक्षाच्या वतीने बोलतो आणि फिर्यादी त्या पक्षाकडे जाब मागतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने साक्षीदाराची भूमिका मनापासून स्वीकारली. फिर्यादीची भूमिका मात्र त्याने का स्वीकारली नाही, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती मुद्दा आहे.

३. रमाबाई : दोन श्रद्धा, दोन कसोट्या

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या आयुष्यातील मृत्यूंची नुसती यादी केली तरी मन सुन्न होते. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातील उपासमारीत वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी विवाह झालेले पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये पटकीने गेले; त्या वेळी मुलगी मनोरमा वर्षाचीही झालेली नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. अखेरीस १९२१ मध्ये मनोरमाही गेली आणि त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले.

१९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात रमाबाई या दुःखांपैकी पहिल्या टप्प्याविषयी अत्यंत मोकळेपणाने लिहितात. तीर्थयात्रा, पुराणपठण, दानधर्म, उपासतापास हे सर्व यथाशास्त्र करूनही देव प्रसन्न झाले नाहीत. द्रव्य संपले, अन्न संपले, जलसमाधी घेण्याचा विचार झाला. पुढे भावासोबत केलेल्या भ्रमंतीत तीर्थक्षेत्रांतील चमत्कारांमागची लबाडी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. या सर्वांतून वडिलार्जित श्रद्धा हळूहळू गळून पडली.

या निवेदनात एक गोष्ट लक्षणीय आहे. रमाबाईंचा हा श्रद्धाभंग रोषातून झालेला दिसत नाही. तो हिशेबातून झालेला आहे. शास्त्राने सांगितलेली कृत्ये केली, शास्त्राने सांगितलेले फळ मिळाले नाही, म्हणून शास्त्राचे वचन खोटे ठरले, अशी ही तर्कसंगती आहे. संस्कृत पंडितेच्या घरात वाढलेल्या बुद्धीला ती शोभणारीच होय.

आता पुढील प्रश्न साहजिकच उद्भवतो. हीच कसोटी रमाबाईंनी १८८३ नंतर लावली काय? याचे उत्तर दुहेरी आहे. एका अर्थाने त्यांनी ती लावली नाही, कारण त्यांच्या लेखी नवी श्रद्धा कराराची नव्हतीच. बाप्तिस्म्यानंतर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली त्या देतात आणि खऱ्या अर्थाने तो १८९१ च्या सुमारास गवसला असे सांगतात. फळाच्या अपेक्षेवाचून शरण जाणे हा त्यांच्या नव्या श्रद्धेचा गाभा होता. ज्या देवाशी करार केलेला नाही, त्याच्याकडे हिशेब तरी कसा मागणार?

परंतु दुसऱ्या अर्थाने हिशेब मागील दाराने परत आलेला दिसतो. ब्रिस्टल येथे केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथाश्रम चालविणारे जॉर्ज म्युलर यांचा आदर्श रमाबाईंपुढे होता. मुक्ति सदनाचा कारभारही याच विश्वासावर चालला. पैशाची निकड, प्रार्थना आणि अनपेक्षित मदत ही त्रिसूत्री या परंपरेतील साक्षींत वारंवार येते. येथे ऐकल्या गेलेल्या प्रार्थनांची नोंद होते. न ऐकल्या गेलेल्या प्रार्थनांसाठी नोंदवहीत रकानाच नाही. जुन्या देवांच्या खात्यात रमाबाईंनी अपयश मांडले. नव्या ईश्वराच्या खात्यात केवळ यश मांडले गेले. हा दोष रमाबाईंच्या प्रामाणिकपणाचा नसून त्यांनी स्वीकारलेल्या वाङ्मयप्रकाराचा आहे. साक्षीची रचनाच अशी आहे की, तीत अंधार भूतकाळात असावा लागतो आणि प्रकाश वर्तमानकाळात.

रमाबाई स्वभावतः रोष गिळणाऱ्या होत्या, असे समाधान करून घेण्यास मात्र वाव नाही. बाप्तिस्म्यानंतर त्रैक्यादी सिद्धांतांवरून त्यांनी इंग्लंडमधील आपल्या धर्मगुरुभगिनींशी दीर्घ वाद घातला आणि केवळ कोणी सांगितले म्हणून काही मानण्यास नकार दिला. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयात आपल्या आश्रमातील मुलीची झालेली हेळसांड पाहून त्यांनी सरकारविरुद्ध वृत्तपत्रात पत्र लिहिले. पुण्यातील सनातनी समाज, इंग्रज सरकार आणि अँग्लिकन चर्च या तिघांवरही त्या संतापल्या व तो संताप त्यांनी लेखनात उतरविला. त्यांच्या प्रकाशित आत्मनिवेदनात फक्त एकच पत्ता असा आहे, जेथे त्यांचा संताप पोहोचत नाही.

४. धर्मांतरिताचा रोष आणि समाजाची दृष्टी

या मौनाचे एक कारण वाङ्मयीन आहे, तसे दुसरे सामाजिक आहे. मराठी भक्तिपरंपरेत देवाशी भांडणे ही मान्यताप्राप्त गोष्ट आहे. जनाबाई विठ्ठलाला शिव्याशाप देते. नामदेव रुसतो. सोळाशे तीसच्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा गमावलेले तुकाराम विठ्ठलाशी किती परींनी भांडतात, हे गाथेच्या वाचकाला सांगावयास नको. तुकोबांचे देहू आणि रमाबाईंचे केडगाव ही दोन्ही गावे आजच्या एकाच पुणे जिल्ह्यात आहेत, आणि दोघांच्याही श्रद्धेच्या मुळाशी दुष्काळ आहे. असे असूनही एकाला भांडता आले, दुसरीला आले नाही, असे का झाले असावे?

तुकोबा भांडले तरी ते पंढरी सोडून जातील अशी शंका कोणी घेतली नाही. घरच्या माणसाचे भांडण हे घरातले भांडण असते. धर्मांतरिताचे तसे नसते. त्याची प्रत्येक तक्रार विरोधकांच्या हाती पुरावा म्हणून पडते. रमाबाई देवावर चिडल्या असत्या तर पुण्यातील वृत्तपत्रांनी तो त्यांच्या निवडीचा पराभव म्हणून मिरविला असता आणि परदेशातील देणगीदारांनी तो विश्वासाचा ऱ्हास म्हणून वाचला असता. १८९३ मधील शारदा सदनाच्या वादाचा अनुभव घेतलेल्या व्यक्तीला याची जाणीव नव्हती असे म्हणणे धाडसाचे होईल. तात्पर्य, दुःखाविषयी देवाला जाब विचारण्याचे स्वातंत्र्य हे पुष्कळदा समाजातील सुरक्षित स्थानावर अवलंबून असते.

रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी ही कोंडी फोडण्याचा मार्ग शोधला होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची भूमिका सुपरिचित आहे. त्यांनी अभंगाची भाषा, लडिवाळपणा आणि सलगी ख्रिस्ती उपासनेत आणली. 'बापाचे अश्रू'सारख्या कवितेत पुत्रवियोगाला वाट करून दिली. तथापि त्यांच्या ख्रिस्तभक्तीच्या अभंगांत तुकोबांचे प्रेम जितक्या सहजतेने उतरले, तितक्या सहजतेने तुकोबांचे भांडण उतरले नाही, असे म्हणावे लागते. पुलावरून सामान आले, पण सर्व सामान आले नाही.

५. लक्ष्मीबाई : उंबऱ्यावरील तक्रार

लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. त्याला रूढ अर्थाने साक्ष म्हणता येत नाही, आणि हेच त्याचे बलस्थान होय. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी विरहात काढली. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. साक्षीच्या साच्यात हा प्रवास अंधाराकडून प्रकाशाकडे असा मांडला गेला असता. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. आपले सोवळे, आपली भीती, पतीच्या धर्मांतराने झालेला आपला संताप यांना त्या नंतरच्या श्रद्धेच्या उजेडात चूक ठरवीत नाहीत. त्या वेळची लक्ष्मी त्या वेळी खरी होती, हे त्या विनोदाने आणि मायेने मान्य करतात.

अर्थात, 'स्मृतिचित्रे'तही ईश्वराशी उघड भांडण क्वचितच आढळते. तेथे भांडण आहे ते टिळकांशी. घरातले शेवटचे दाणे उचलून देणारा, सांगितल्याशिवाय निघून जाणारा, स्वतःला देवाच्या हवाली करून संसार बायकोच्या हवाली करणारा हा नवरा आणि त्याच्याशी रोज होणारे खटके यांतून एक अप्रत्यक्ष तक्रार उभी राहते. देवावर विसंबणाऱ्या माणसाच्या विश्वासाची किंमत घरात कोण मोजते, हा प्रश्न त्या विचारतात. फक्त तो त्या चुलीपाशी उभ्या राहून विचारतात, वेदीपाशी नव्हे. मुलासारखा घरात वावरलेला बालकवी ठोंबरे १९१८ मध्ये भादली येथे रेल्वेखाली गेला. पुढच्याच वर्षी टिळक गेले. अशा प्रसंगांना अर्थ चिकटविण्याची घाई लक्ष्मीबाईंना नाही. जे घडले ते सांगून त्या थांबतात. दुःखाला लगेच धडा न बनविणे, हीसुद्धा प्रामाणिकपणाची एक रीत आहे.

रमाबाईंच्या निवेदनापेक्षा हे निवेदन अधिक मोकळे का, याचे उत्तर वरील सामाजिक मुद्द्याशी जुळणारे आहे. लक्ष्मीबाई लिहीत होत्या तेव्हा त्यांच्या बाप्तिस्म्याला तीन दशके उलटली होती. त्यांचा वाचक देणगीदार नव्हता की मंडळीही नव्हती. तो सर्वसामान्य मराठी वाचक होता. त्यांना काहीही सिद्ध करावयाचे नव्हते.

६. अनुवादातील फिर्याद

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. रमाबाईंच्या मौनावरून त्यांच्या मनात दडपलेला रोष होता असे अनुमान काढणे योग्य नव्हे. त्यांना खरोखरीच शांती लाभली असेल, आणि ती नाकारण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. हा आक्षेप ग्राह्य आहे. म्हणूनच प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन रमाबाईंच्या मनाविषयी नसून, त्यांच्या पश्चात समाजाला कोणता नमुना उपलब्ध झाला याविषयी आहे.

या संदर्भात रमाबाईंच्या दुसऱ्या महत्कार्याचा विसर पडता कामा नये. त्यांनी संपूर्ण बायबलचा मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून, सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत अनुवाद केला. हे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत केले आणि केडगावच्याच छापखान्यात छापलेला तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या हाताने 'साक्ष' लिहिली त्याच हाताने ईयोबाची फिर्याद, ८८ वे स्तोत्र आणि विलापगीत शब्दशः मराठीत उतरविले. दुष्काळात आईवडील गमावलेल्या बाईने दुष्काळातून आलेल्या बायकांसाठी ईयोब मराठीत आणला, या घटनेचे वाङ्मयीन मोल आपण पुरेसे ओळखलेले नाही. स्वतःच्या नावाने जे लिहिले नाही, ते त्यांनी शास्त्राच्या नावाने वाचकाच्या हाती दिले. दुर्दैवाने मंडळीने साक्षीचा नमुना उचलला. फिर्यादीचा नमुना ग्रंथातच राहिला.

अन्यत्र परिस्थिती फार वेगळी होती असे नाही. सी. एस. लुईस यांनी १९४० मध्ये दुःखाच्या समस्येवर तर्कशुद्ध ग्रंथ लिहिला. पत्नीच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये जेव्हा त्यांनी ईश्वरावरील आपला संताप लिहिला तेव्हा त्यांना टोपणनाव घ्यावे लागले. मदर तेरेसा यांचा दीर्घ आध्यात्मिक अंधार जगाला कळला तो त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून. श्रद्धावंतांचा रोष बहुधा टोपणनावाने किंवा मरणोत्तरच बोलतो, असे या उदाहरणांवरून दिसते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील रोषाचा अभाव हा दुःखाच्या अभावामुळे नसून 'साक्ष' या प्रकाराच्या रचनेमुळे आणि धर्मांतरिताच्या असुरक्षित सामाजिक स्थितीमुळे निर्माण झाला आहे.

२) रमाबाईंचा पहिला श्रद्धाभंग रोषातून नव्हे, तर फळाच्या हिशेबातून झाला. त्यामुळे ज्या मंडळीत श्रद्धा पुन्हा फळाच्या भाषेत मांडली जाते, तेथे श्रद्धाभंगाचे बीज रमाबाईंच्याच अनुभवाने दाखवून दिलेले आहे.

३) 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ तक्रारीला घरगुती भाषेत जागा करून देतो, मात्र तो मंडळीच्या वाचनात साक्ष म्हणून न येता साहित्य म्हणून येतो.

४) फिर्यादीची परंपरा मराठी ख्रिस्ती समाजाला परकी नाही. एका बाजूने ती तुकोबा-जनाबाईंकडून, दुसऱ्या बाजूने रमाबाईंनी अनुवादिलेल्या ईयोबाकडून त्याच्याकडे आलेलीच आहे.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीला त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नव्हते. पुढे तिला ग्रंथालयातून 'स्मृतिचित्रे' दिले आणि बायबलमधील ईयोबाचा तिसरा अध्याय वाचण्यास सुचविले. काही दिवसांनी तिने सांगितले की, तो अध्याय तिने आईला वाचून दाखविला. आई उपासनेस जाऊ लागली काय, असे विचारले नाही. तो प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. "आई म्हणाली, हे असं बायबलात आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं," एवढेच ती म्हणाली. ज्या परंपरेने हा अध्याय शतकापूर्वी अवघ्या काही मैलांवर मराठीत छापला, तिने तो आपल्या माणसांना वाचून दाखविला नाही, ही तिची उणीव होय. आणि ती भरून काढण्याचे काम जितके पाळकांचे आहे, तितकेच साहित्य शिकविणाऱ्यांचेही आहे.